पैसे भरून डेक घासायचा?

नमस्कार ताई,

आमची मुलगी अमेरिकेत शिष्यवृत्तीवर शिकते. पर्यावरणशास्त्र, तिसरं वर्ष. पुढचं सेमिस्टर तिला शिडाच्या संशोधन जहाजावर करायचं आहे. आधी काही आठवडे किनाऱ्यावर वर्ग, मग सहा आठवडे भर समुद्रात. तिनं पाठवलेली माहिती वाचली. मुलं स्वतः जहाज चालवतात, रात्रीच्या पाळ्या करतात आणि भांडी, संडास, डेक सगळं धुतात. आमच्या ह्यांनी उभं आयुष्य बोटीवर काढलं. ते एवढंच म्हणाले, "मी डेक घासला तो पगार घेऊन. ही पैसे भरून घासणार? आम्ही बोटीवर गेलो ते पोरांना जावं लागू नये म्हणूनच ना?" तेव्हापासून हा विषय निघाला की ते उठून अंगणात जातात. माझी काळजी वेगळीच. हिला रायबंदर-चोडण फेरीबोटीतसुद्धा मळमळायचं. रात्री-अपरात्री परक्या मुलांबरोबर डेकवर, फोन नाही, डॉक्टर नाही. तिथला दिवस असतो तरी कसा? आणि जाऊ द्यावं का?

एक आई, डिचोली

वहिनी,

जाऊ द्या. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना तुमचा जीव टांगणीला लागायला नको. तुमच्या बऱ्याचशा काळज्यांवर उपाय आहेत, त्यांच्याकडे येईनच. पण यजमानांचा प्रश्न मला जास्त जड वाटतो, आणि त्या जहाजावरचा दिवस डोळ्यांपुढे आल्याशिवाय त्याला उत्तर देता येणार नाही.

मी नोकरीत असताना मुरगाव बंदरातून सुटणाऱ्या संशोधन जहाजांवर जात असे. ती इंजिनाची जहाजं. तिथं खलाशी वेगळे, शास्त्रज्ञ वेगळे, स्वयंपाकी वेगळा. आम्ही नमुना मागायचा आणि विंचवाल्यानं (विंच म्हणजे तार सोडायचं-ओढायचं यंत्र) तो वर काढून द्यायचा. मध्यरात्री काम असलं तर आम्ही जागायचो, नसलं तर झोपायचो. जहाज कुणीतरी चालवत असायचंच. शिडाच्या शिक्षण-जहाजावर ही वाटणी नसते. तिथं नमुना मागणारी, जहाज थांबवणारी, विंचजवळ उभी राहणारी आणि नंतर सगळ्यांसाठी भात टाकणारी मुलगी एकच. तिथून शिकून आलेल्या काही मुलामुलींबरोबर मी पुढं काम केलं आहे, त्यामुळे ऐकीव आणि पाहिलेलं असं दोन्ही मिळून लिहिते.

उदाहरणासाठी या क्षेत्रातली जुनी संस्था घेऊ. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यात वुड्स होल म्हणून किनाऱ्यावरचं लहानसं गाव आहे, समुद्रविज्ञानाची पंढरीच. तिथल्या सी एज्युकेशन असोसिएशननं १९७१ मध्ये हा प्रकार सुरू केला. त्यांच्यासाठी दोन जहाजं बांधली गेली, १९८७ मध्ये 'कॉर्विथ क्रेमर' आणि २००१ मध्ये 'रॉबर्ट सी. सीमन्स'. दोन्ही पोलादी, दोन डोलकाठ्यांची आणि १३४ फूट लांब, म्हणजे साधारण ४१ मीटर. यजमान ज्या बोटींवर होते त्यांच्या शेजारी हे होडकंच दिसेल. तुमच्या मुलीचं जहाज दुसरं असलं तरी दिनक्रम फारसा वेगळा नसतो.

तर दिवस. पहिली गोष्ट अशी की तिथं आपला दिवस नसतोच. मुलांच्या तीन तुकड्या करतात आणि चोवीस तासांचे पाच तुकडे: सकाळी सात ते एक, एक ते संध्याकाळी सात, सात ते अकरा, अकरा ते रात्री तीन, आणि तीन ते सकाळी सात. तीन तुकड्या आणि पाच पाळ्या, त्यामुळे वेळ रोज सरकते. आज तिची सकाळची सात ते एकची पाळी असेल, तर रात्री अकराला पुन्हा उभं राहायचं. उद्या दुपारी एक ते सात, आणि मग पहाटे तीनला. परवा फक्त संध्याकाळचे चार तास, आणि चौथ्या दिवशी पुन्हा सकाळी सातला. तीन दिवसांत चोवीस तास काम, म्हणजे सरासरी आठच. कागदावर सोपं वाटतं. यजमानांना विचारा, ते हसतील. मालवाहू जहाजावर चार तास काम, आठ तास सुट्टी, आणि बाराची पाळी असली तर महिनोन्‌महिने बाराचीच; शरीर निदान एका वेळेला रुळतं तरी. इथं झोप तुकड्यातुकड्यांनी मिळते आणि मिळेल तिथं घ्यावी लागते. पहिल्या आठवड्यात मुलं जेवणाच्या टेबलावर डुलक्या घेतात. तेही जपून, कारण काही जहाजांवर ही टेबलं झोपाळ्यासारखी टांगलेली असतात. जहाज कलतं तेव्हा टेबल सपाट राहतं, माणसं मात्र कलतात. सवयीनं कुणी त्यावर कोपर टेकलं की समोरच्याची आमटी समोरच्याच्या मांडीवर.

पाळीच्या वीसेक मिनिटं आधी कुणीतरी येऊन हळूच नाव घेऊन उठवतं. किती वाजले, पाऊस आहे का, वारा कसा आहे, जॅकेट घालायचं की नाही, हे सगळं कुजबुजत सांगायचं, कारण पडद्यापलीकडच्या बंकात कुणी तासाभरापूर्वीच आडवं झालेलं असतं. मुलीची खोली म्हणजे हा बंक, एक पडदा आणि कपड्यांसाठी एक खण. गोडं पाणी समुद्राच्या पाण्यापासून जहाजावरच बनवतात, त्यामुळे ते मोजून वापरायचं. आंघोळ दोन-तीन दिवसांनी, तीसुद्धा अंग ओलं करायचं, नळ बंद करायचा, साबण लावायचा, नळ सोडायचा अशी. रोज दोनदा आंघोळ करणाऱ्या आपल्या गोंयकार पोरींना सगळ्यात जड हेच जातं. पहाटेच्या पाळीचं काही वाटत नाही, केस धुता येत नाहीत याचं वाटतं.

पाळीवर काय करायचं? एक जण सुकाणूवर, होकायंत्राचा काटा सांगितलेल्या अंशावर धरून. एक जण नाळेवर, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाला, पहाऱ्याला, कमरेला पट्टा आणि पट्टा जहाजाला अडकवलेला. दर तासाला हवेचा दाब, वारा, लाटा, ढग यांची नोंद. दर तासाला इंजिनाच्या खोलीत उतरून तापमानं पाहायची, तळाशी पाणी साचलंय का बघायचं. वारा फिरला की शिडं फिरवायची, आणि ती बटण दाबून फिरत नाहीत. सात-आठ जणांनी दोर ओढायचा असतो. प्रत्येक दोराला नाव आणि प्रत्येकाची बांधायची जागा ठरलेली. पहिल्या काही दिवसांतच दोरांची तोंडी परीक्षा होते, कारण अंधारात चुकीचा दोर सुटला तर कुणाचं तरी डोकं फुटतं. तुकडीतले एक-दोघे त्याच वेळी प्रयोगशाळेत असतात, आणि एक जण आळीपाळीनं गॅलीत, स्वयंपाक्याच्या हाताखाली. तीन जेवणं आणि मधल्या वेळचं खाणं, मध्यरात्रीच्या पाळीसाठीसुद्धा. तीस-पस्तीस माणसांचं. तिथं भांडी घासावी लागतातच, माहितीपत्रक खोटं नाही बोलत. आठवड्यातून एकदा सगळं जहाज वरपासून खालपर्यंत घासून काढतात. त्या दिवशी म्हणे खूप मोठ्यानं गाणी लावतात.

आता प्रयोगशाळा. माझ्या आवडीचा भाग असल्यामुळे इथं जरा रेंगाळते, तुम्ही कंटाळलात तर पुढं जा.

दिवसातून साधारण दोनदा, दुपारी एकदा आणि मध्यरात्री एकदा, पाण्याच्या पृष्ठभागावरून एक बारीक जाळी ओढतात. जहाजाचा वेग दोन नॉटपर्यंत, म्हणजे ताशी दोन सागरी मैलांवर, खाली आणायचा, अर्धा तास ओढायचं, म्हणजे एक सागरी मैल होतो. वर आलेलं एका बादलीत ओतलं की दिवसाच्या आणि रात्रीच्या बादलीतला फरक लहान पोरालाही दिसतो: रात्री खोलातले जीव वर चरायला येतात, बादली घट्ट होते. काचेसारखी ईलची पिल्लं, निळे पोर्तुगीज मॅन-ऑफ-वॉर (जेलीफिशसारखे जीव, आपल्या किनाऱ्यावर पावसाळ्यात वाहून येतात आणि पर्यटकांना डंख मारतात तेच), आणि पाण्यावर पळणारा हॅलोबेटिस नावाचा कीटक. खुल्या महासागरावर राहणारे कीटक याच एका कुळीचे. मग त्यातले शंभर जीव सूक्ष्मदर्शकाखाली एकेक करून ओळखायचे आणि मोजायचे. जहाज हलतंय, सूक्ष्मदर्शक हलतोय, पोटातलंही हलतंय. आणि चिमट्यानं प्लास्टिकचे कण वेगळे काढायचे.

या चिमट्याच्या कामाचं पुढं काय होतं ते यजमानांना जरूर वाचून दाखवा. १९८६ ते २००८ या बावीस वर्षांत अशा जहाजांवरच्या विद्यार्थ्यांनी उत्तर अटलांटिक आणि कॅरिबियनमध्ये ओढलेल्या ६,१३६ जाळ्यांच्या नोंदी एकत्र करून २०१० मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात एक निबंध छापून आला. ६० टक्क्यांहून जास्त जाळ्यांत प्लास्टिक होतं. त्याहून विचार करायला लावणारी गोष्ट म्हणजे, या काळात जगात प्लास्टिकचं उत्पादन भरमसाट वाढलं, तरी ते जिथं सर्वांत जास्त साचतं त्या पट्ट्यात तरंगणाऱ्या कणांचं प्रमाण वाढलेलं दिसलं नाही. मग बाकीचं गेलं कुठं? हा प्रश्न विचारता आला तो केवळ कुणीतरी बावीस वर्षं एकाच पद्धतीनं, कंटाळा न करता, मध्यरात्री उठून मोजलं म्हणून. मोजणारे सगळे विशीतले. त्यांतल्या बहुतेकांना आपल्या जाळीचा पुढं काय उपयोग होणार हे तेव्हा ठाऊक नव्हतं.

दुसरं काम खोल पाण्याचं. लोखंडी चौकटीवर गोल लावलेल्या बाटल्या तारेला बांधून शेकडो मीटर खाली सोडायच्या, सोबत क्षारता आणि तापमान मोजणारं यंत्र. त्यासाठी जहाज भर वाऱ्यात उभं करावं लागतं. पुढची काही शिडं अशी उलटी धरतात की ती जहाजाला मागं रेटतील, आणि मागची पुढं रेटतील. दोघांचं भांडण बरोबरीत सुटलं की जहाज जागच्या जागी डुलत राहतं. (शाळेत बलांचा समतोल शिकवताना फळ्यावर बाण काढण्यापेक्षा एकदा हे दाखवावं.) बाटल्या वर आल्या की पाणी काढायचा क्रमही ठरलेला. ऑक्सिजनसाठीचं पाणी सगळ्यांत आधी, कारण नळीत एक बुडबुडा शिरला की आकडा खोटा. आपल्याकडे या आकड्याला फार किंमत आहे. अरबी समुद्रात साधारण दीडशे ते हजार मीटरच्या पट्ट्यात ऑक्सिजन जवळजवळ नसतोच, आणि पावसाळ्यात तसलं गुदमरलेलं पाणी तळातून आपल्या किनाऱ्याकडे सरकतं. कांदोळीसमोर ठरलेल्या ठिकाणांवर दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेची माणसं वर्षानुवर्षं हेच मोजत आली आहेत. बाटली उघडायच्या त्या दोन मिनिटांत ज्यानं आळस केला नाही त्याच्याच आकड्यावर पुढं भरवसा ठेवता येतो. हे वर्गात सांगून कळत नाही. मी नवशिक्या संशोधकांना ते सांगून थकले आहे. शिडाच्या जहाजावरून आलेल्यांना मात्र सांगावं लागलं नाही. आकडा मिळवायला काय पडतं हे त्यांच्या तळहातांना माहीत होतं.

दुपारी सगळ्या तुकड्या डेकवर जमतात आणि वर्ग भरतो. कुणी आपल्या प्रकल्पाचं सांगतं, कुणी हवामानाचा अंदाज वर्तवतं, कप्तान नकाशावर कुठं आहोत ते दाखवतो. सूर्य आणि ताऱ्यांचे कोन सेक्स्टंटनं घेऊन जागा काढायलाही शिकवतात. जीपीएस असतंच, पण ते बघू न देण्यात शिक्षकांना आसुरी आनंद होतो असं मुलं सांगतात.

आता खरी गोष्ट, यजमानांसाठी.

सुरुवातीला पाळीवरचा अधिकारी सांगतो आणि मुलं करतात. मधल्या आठवड्यांत मुलं अधिकाऱ्याच्या मागं सावलीसारखी फिरतात. शेवटच्या टप्प्यात अधिकारी मागं सरतो आणि पाळी एका विद्यार्थ्याच्या हाती येते. कुठलं शीड उतरवायचं, समोरून येणाऱ्या जहाजाला कसं टाळायचं, जाळी वेळेवर टाकायची तर किती आधी वेग कमी करायचा, कुणाला सुकाणूवरून हलवून विश्रांती द्यायची, हे सगळं ती ठरवणार. अधिकारी जवळच असतो, धोका दिसला तर बोलतो, एरवी गप्प. वीस वर्षांच्या मुलीच्या हातात पहाटे तीनला एक जहाज आणि झोपलेली दोन डझन माणसं. डेक घासण्याचा अर्थ इथं लागतो. ज्यानं तो दोर स्वतः ओढलाय, ती बिल्ज, म्हणजे जहाजाच्या तळाची पाणी साचायची जागा, स्वतः तपासलीय, त्यालाच हुकूम देऊ देतात.

तुमच्या यजमानांनी सुकाणू धरलं असेल, डेक तर घासलाच. पण जहाज कुठं वळवायचं हे त्यांना कुणी विचारलं होतं का? बहुतेक नाही. आपल्या तारवट्यांच्या, म्हणजे बोटीवर जाणाऱ्यांच्या, कितीतरी पिढ्यांनी जगभरची बंदरं पाहिली ती खालच्या डेकवरून. त्यांना राग येतो तो मुलीचा नसावा, असं मला वाटतं.

आणि त्यांच्या बोलण्यात एक गोष्ट पूर्ण खरी आहे, ती मी झाकणार नाही. तिला सहा आठवड्यांनी उतरायचं आहे. नऊ-नऊ महिन्यांचा करार, घरी बारसं झालं ते पत्रातून कळायचं, पगार कापला तरी तोंड उघडायचं नाही, यातलं तिला काहीच भोगावं लागणार नाही. काम एकच असलं तरी तिची आणि वडिलांची बोट एक नव्हे. हे तिला माहीत असायला हवं आणि सांगायला योग्य माणूस एकच आहे, जो सध्या अंगणात जाऊन बसतो. माझा सल्ला असा, की "बाबा, परवानगी द्या" म्हणून तिनं फोन करायचं सोडावं. "बाबा, बोलाइनची गाठ कशी मारायची ते व्हिडिओवर दाखवा" म्हणून करावा. रात्रीच्या पाळीत जागं कसं राहायचं, ओल्या डेकवर कुठले बूट धरतात, खराब हवेत बंकात स्वतःला कसं अडकवून झोपायचं, हे त्यांच्याइतकं तिला कुठलंही माहितीपत्रक सांगणार नाही. तुम्ही मध्ये पडू नका. फोन त्यांच्या हातात द्या आणि आत जाऊन चहा ठेवा.

शिडं म्हणजे गोऱ्यांचे चोचले, असं त्यांचे कुणी मित्र म्हणाले तर त्यांना आपल्या दिवाडी बेटाकडे बोट दाखवायचं. एकट्यानं पृथ्वी प्रदक्षिणा करणाऱ्या पहिल्या भारतीयाची शिडाची बोट 'म्हादेई' याच बेटावरच्या कारखान्यात बांधली गेली आणि 'तारिणी'सुद्धा. नौदलाच्या दोन महिला अधिकारी, दिलना आणि रूपा, त्याच 'तारिणी'वरून २ ऑक्टोबर २०२४ ला गोव्यातून निघाल्या आणि जग फिरून २९ मे २०२५ ला गोव्यातच परतल्या. दोघीच. नौदलाचं शिडाचं प्रशिक्षण जहाज 'तरंगिणी' आपल्या वास्कोच्या गोवा शिपयार्डनं बांधलेलं, १९९७ पासून नौदलात आहे.

नोकरीचं म्हणाल तर खोटी आशा दाखवणार नाही. या सेमिस्टरनं सीडीसी (खलाशाचं नोंदणीपुस्तक) मिळत नाही, बोटीवरची नोकरी मिळत नाही. पुढं समुद्रविज्ञानात जायचं असेल तर मात्र उपयोग होतो. पदव्युत्तर प्रवेशाच्या अर्जात "मी स्वतः नमुने घेतले, स्वतः मोजले, स्वतः प्रकल्प लिहिला" असं लिहिता येणं वेगळं. परत यायचं मनात असेल तर दोनापावलाची संस्था आहे, हेडलँड सड्यावर ध्रुवीय व समुद्र संशोधनाचं राष्ट्रीय केंद्र आहे, ताळगावच्या पठारावर गोवा विद्यापीठ आहे. आणि समुद्रविज्ञानात जायचं नसेल तरीही जावं, असं माझं मत. फक्त एक तपासा: या सेमिस्टरचे गुण तिच्या कॉलेजात पूर्ण धरतात का, आणि शिष्यवृत्ती या काळात चालू राहते का. दोन्हींचं उत्तर लेखी घ्यायला सांगा. कुणा प्राध्यापकाचं "होऊन जाईल" ऐकून पैसे भरायचे नाहीत.

आता तुमची मळमळ. म्हणजे तिची. चोडणच्या फेरीबोटीत मळमळणं हे समुद्र लागण्याचं लक्षण धरू नका. मांडवीत तेवढ्या लाटा कुठल्या, तो डिझेलचा धूर. पण समुद्र तिला लागेल, बहुतेकांना लागतो. बहुतेकांचा दोन-तीन दिवसांत उतरतो. गोळ्या डॉक्टरांना विचारूनच घ्यायच्या आणि उलटी सुरू झाल्यावर नव्हे, त्याआधी. बऱ्याच गोळ्यांनी झोप येते, म्हणून एखादी घरी घेऊन पाहायची. डेकवर राहायचं, नजर क्षितिजावर, हाताला काम. खाली जाऊन पुस्तक उघडलं की संपलं. पोट रिकामं ठेवायचं नाही: कोरडं बिस्कीट, पेज मिळाली तर उत्तम, आलेपाक खिशात. आणि उलटी करायची ती वाऱ्याच्या दिशेला तोंड करून नाही, हे मात्र यजमान सांगतीलच. तिथं उलटीची लाज कुणी बाळगत नाही. उलटी करून तोंड धुऊन पुन्हा दोराला येतात.

रात्रीच्या परक्या मुलांबद्दल. डेकवर कुणी एकटी नसते, पूर्ण तुकडी असते आणि एक अधिकारी. अंधारात पट्टा अडकवल्याशिवाय पुढं जायला परवानगी नसते. माणूस पाण्यात पडला तर, आग लागली तर, जहाज सोडावं लागलं तर, या तिन्हींच्या कवायती पुन्हा पुन्हा होतात. पण समुद्राचा धोका एक आणि माणसांचा दुसरा. दुसऱ्याबद्दल विचारायला संकोच करू नका, आणि मुलीनंच विचारावं: वर्तणुकीचे नियम काय आहेत, तक्रार जहाजावर कुणाकडे करायची, आणि ज्याच्याविरुद्ध आहे तोच वरिष्ठ असला तर किनाऱ्यावर कुणाकडे. अधिकाऱ्यांत बायका किती आहेत. वैद्यकीय मदत कोण देतं, किनाऱ्यावरच्या डॉक्टरशी संपर्क कसा होतो, आजारी माणसाला उतरवायची सोय काय. चांगली संस्था या प्रश्नांना लगेच आणि स्पष्ट उत्तरं देते. उत्तर द्यायला कुणी आढेवेढे घेतले, तर सुरुवातीला म्हटलेलं "जाऊ द्या" मी परत घेते.

पोहणं नीट येत नसेल तर जायच्या आधी कॉलेजच्या तलावात शिकून घ्यावं. मासिक पाळीचं सामान पुरेसं किनाऱ्यावरूनच न्यावं, बंदरात मिळेल या भरवशावर राहू नये. आणि जहाजाच्या संडासात काहीही टाकायचं नसतं, नळी तुंबली तर ती मोकळी करायची पाळीही मुलांचीच. फोनचं असं, की तो बंद असेल हे धरूनच चाला. तातडीचा निरोप कुठल्या क्रमांकावर द्यायचा तेवढं कागदावर लिहून फ्रिजवर लावा, आणि तातडीचा म्हणजे खरोखरच तातडीचा. मावशीच्या गुडघ्याचं ऑपरेशन नव्हे. सामानात सुकी सुंगटं (सुकी कोळंबी) देऊ नका, हात जोडून सांगते. एका बंद डब्याचा वास तीस माणसं सहा आठवडे सोसणार नाहीत, आणि पहिली शिक्षा डबा उघडणारीला होईल.

एक काम मात्र आजच करा, कारण त्याला वेळ लागतो. पासपोर्टची मुदत परतीच्या तारखेनंतर निदान सहा महिने शिल्लक आहे का पाहा. जहाज कुठल्या देशांच्या बंदरांत थांबणार ती यादी मागवा. आपल्या पासपोर्टवर त्यांतल्या कुठल्या देशांचा व्हिसा आधी काढावा लागतो ते प्रत्येकाचं वेगळं बघावं लागेल, सोबतच्या अमेरिकी मुलांना तो लागत नाही म्हणून तिकडचं ऑफिस विसरू शकतं. आणि अमेरिकेबाहेर पडून पुन्हा आत यायचं तर तिचा विद्यार्थी व्हिसा तोवर चालू आणि एकाहून जास्त वेळा प्रवेश देणारा हवा, शिवाय आय-ट्वेंटीवर (कॉलेजनं विद्यार्थी व्हिसासाठी दिलेला कागद) कॉलेजच्या परदेशी विद्यार्थी कचेरीची प्रवासासाठीची सही हवी. ती सही जहाज सुटायच्या आधीच घ्यायला सांगा.